कायमचे पावणेबारा

मी एक जुनी, लाकडी, रंगवलेली तबकडी आहे. घड्याळाची तबकडी. घड्याळ नव्हे. हा फरक सुरुवातीलाच सांगून टाकते, म्हणजे माझ्याकडे बघून तुम्ही तुमच्या मनगटावरचं घड्याळ लावायला जाणार नाही. माझ्या मागे चाकं नाहीत, लंबक नाही, किल्लीसुद्धा नाही. मागे आहे ती दगडी भिंत आणि कबुतरांची एक अत्यंत बेशिस्त वसाहत. माझे दोन्ही काटे रंगाचे आहेत आणि ते पावणेबारा दाखवतात. सकाळी पावणेबारा, संध्याकाळी पावणेबारा, वादळ आलं तरी पावणेबारा.

मित्रांनो, गोझो बेटावरच्या एका छोट्या गावात, चर्चच्या डाव्या मनोऱ्यावर मी राहते. उजव्या मनोऱ्यावर माझं भावंड राहतं, म्हणजे खरं घड्याळ. त्याला यंत्र आहे, घंटा आहे आणि गर्वही भरपूर आहे. दक्षिणेकडून दमट वारा सुटला की ते हमखास मागे पडतं. मग गावकरी मनातल्या मनात थोडी मिनिटं मिळवतात आणि गुमान कामाला लागतात. तरी त्याला कोणी खोटं म्हणत नाही. खोटी काय ती मी. एकदासुद्धा जागची हलले नाही, एकदाही मागे पडले नाही, तरी खोटी. बघा हा न्याय.

माझा जन्म कसा झाला ते ऐका. गावाने पै-पैसा जमवून हे चर्च बांधलं. समोर दोन मनोरे झाले, दोन्हींवर घड्याळासाठी दोन गोल कोनाडे झाले. समुद्रापलीकडून एक घड्याळ आलं आणि तिथेच पैसे संपले. चर्च एक डोळा मिटलेल्या माणसासारखं दिसू लागलं. लग्न होऊन बाहेर पडणाऱ्या नवरीमुलींना म्हणे ते डोळा मारतंय असं वाटायचं. तेव्हा लोकांनी इन्द्रीला बोलावलं. इन्द्री हा होड्या रंगवणारा. आमच्याकडे होडीच्या नाकाडावर दोन डोळे रंगवतात, आणि इन्द्रीने काढलेले डोळे मासे शोधतात असा त्याचा लौकिक. त्याने चर्चच्या फरशीवर फळ्या जोडून मला गोल कापलं, पांढरा रंग दिला, काळे आकडे काढले, आणि मग पाद्रीबाबांना विचारलं, "किती वाजवू?" पाद्रीबाबा कुणाचा तरी बाप्तिस्मा करत होते. त्यांनी हातानेच नंतर बघू असं सांगितलं. इन्द्रीला भूक लागली होती. त्याने बाहेर येऊन उजव्या मनोऱ्याकडे पाहिलं, तेव्हा जे वाजले होते ते माझ्यावर काढलं आणि तो जेवायला गेला.

एका माणसाच्या भुकेने माझं सारं आयुष्य ठरवलं.

सुरुवातीला माझं कौतुक झालं, खोटं कशाला बोलू. उत्सवात गावाचा बँड वाजत चौकात आला की लोक मान वर करून म्हणायचे, "ओळखू येत नाही हो, खरं कुठलं आणि रंगवलेलं कुठलं." इन्द्री दर उन्हाळ्यात दोरीला लटकून वर यायचा आणि माझे काटे पुन्हा गडद करायचा. मग तो म्हातारा झाला. मग गेला. खाऱ्या वाऱ्याने माझा पांढरा रंग पिवळा केला, सातचा आकडा पापुद्रा होऊन उडून गेला, आणि कबुतरांनी जे केलं ते मी इथे लिहीत नाही. पैसे संपले होते ही गोष्टही लोक विसरले. त्या जागी गावोगावच्या आज्या सांगतात ती गोष्ट चिकटली. सैतान आत्मे न्यायला ठरलेल्या वेळी येतो म्हणे. मनोऱ्यांवर दोन वेगवेगळ्या वेळा दिसल्या की तो गोंधळतो आणि हात हलवत परत जातो.

आता मला सांगा, जो सैतान एवढ्या दूरवरून येतो, त्याला शेजारच्या बाकावर बसलेल्या माणसाला वेळ विचारता येत नाही का? पण नाही. हीच गोष्ट गावाने धरली आणि ती एका दिवसाच्या सहलींच्या हाती लागली. तेव्हापासून माझ्या डोक्याला जो ताप सुरू झाला तो आजतागायत आहे.

रोज एक पांढरी बस येते. सकाळी किल्ला झालेला असतो, लाल वाळूचा किनारा झालेला असतो. बसमधून उतरणाऱ्यांच्या चपलांतून वाळू गळत असते आणि गळ्यांत टोप्या लोंबत असतात. आमचं गाव म्हणजे त्यांच्या दिवसातलं चहापाण्याचं ठिकाण. वाटाड्या त्यांना माझ्यासमोर उभं करतो आणि सैतान सुरू होतो. एका वाटाड्याचा सैतान लंगडा होता. एकाचा जावई होता, सासूला न्यायला आलेला. एकाने तर सांगितलं की तो माझ्याकडे बघता बघता समुद्रात पडला आणि खाली जो काळा खडक दिसतो ना, तो तोच. लोक त्या खडकाचे फोटो काढायला धावले. आणि प्रत्येक बसमध्ये एक गृहस्थ असतोच, जो माझ्याकडे बोट करून बंद पडलेल्या घड्याळाबद्दलचं, दिवसातून दोनदा खरं ठरण्याचं, ते एकच वाक्य म्हणतो आणि स्वतःच हसतो. कोणतं ते तुम्हाला ठाऊक आहे. मी ते इतक्या भाषांत ऐकलंय की माझं व्याकरण पक्कं झालंय. कपाळाला हात लावावा म्हटलं तर मला आहेत ते दोन काटे, तेही रंगाचे.

पण मित्रांनो, हेही मी सोसलं असतं. यंदा मात्र मला मनोऱ्यावरून उतरवून टाकायचीच वेळ आली होती. ती कशी, ते आता सांगते.

मार्थीस ही आमच्याच गावची मुलगी. लहानपणी तिला शाळेत जायला रोज उशीर व्हायचा, आणि बाईंनी विचारलं की ती गंभीर चेहऱ्याने माझ्याकडे बोट दाखवायची. "बाई, कालही पावणेबाराच वाजले होते, आजही तेवढेच, मग उशीर कुठे झाला?" अख्ख्या गावात मला कामाला लावणारी तेवढी एक पोर. बाकीच्यांना आया लहानपणीच शिकवतात की वेळ बघायची तर उजवीकडे बघ. शिकता शिकता मुलं इतकं शिकतात की डावीकडे काही आहे हेच त्यांना दिसेनासं होतं. मार्थीसही मोठी झाली आणि शहाणी झाली, म्हणजे मला विसरली.

यंदाच्या मे महिन्यात ती वाटाडी होऊन त्याच पांढऱ्या बसमधून उतरली. बस चालवत होता तिचा साल्वूमामा. नोकरी नवी होती, अजून कायम झाली नव्हती. मला बरं वाटलं. म्हटलं, ही तरी सैतानाला चार शिंगं लावणार नाही. झालंही तसंच. ती म्हणाली, "हे आमचं चर्च. आणि आता माझं एक ऐका. सकाळपासून सगळे फोनमध्ये बघताय. फोन पिशवीत टाका. इथे गल्लीगल्लीतून मनोरे दिसतात, वेळ बघायची तर मनोऱ्यावर बघा. एक वाजता पायऱ्यांपाशी या, मग खाली बंदरावर जायचंय, गुहा दाखवणारी बोट कुणासाठी थांबत नाही."

मनोऱ्यावर बघा. कुठल्या मनोऱ्यावर, ते सांगायचं तिला सुचलंच नाही. तिच्या लेखी घड्याळ एकच होतं. ती मला लपवत नव्हती, खोटंही बोलत नव्हती. मी तिच्या डोळ्यांत नव्हतेच. ही चूक बाहेरचा कुणी करूच शकत नाही, त्याला पहिल्यांदा मीच दिसते.

त्यात आणखी एक घोटाळा. बस जेव्हा चौकात येते तेव्हा खरोखरच पावणेबारा वाजलेले असतात. त्यामुळे योरून नावाच्या एका नॉर्वेच्या आजींनी फोन पिशवीत टाकण्याआधी वेळ पाहिली, माझ्याकडे पाहिलं, दोन्ही जुळलं, आणि त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला. माझ्यावर. मी वरून ओरडून सांगितलं असतं, आजी, मी नाही, पलीकडे. पण ओरडायला मला घंटा कुठे आहे?

आजी चेन्साच्या दुकानातून पनीर भरलेली गरम पास्तिझ्झी घेऊन खाली शेताच्या वाटेला लागल्या. त्या वाटेवरून उजवा मनोरा दिसत नाही, मध्ये उंच घरं येतात. दिसते ती मी एकटी. निवडुंगाच्या कुंपणापाशी अंजिराच्या झाडाखाली त्या दगडी बांधावर बसल्या. खाणं झालं. समुद्रावरून गार झुळूक आली. आजींना डुलकी लागली. जाग आली तेव्हा त्यांनी मान वर करून पाहिलं, तर पावणेबारा. झोपेच्या गुंगीत त्यांना वाटलं, क्षणभरच डोळा लागला. त्या समाधानाने हसल्या आणि पुन्हा पाय पसरून बसल्या. उजवीकडच्या शहाण्याने एकचा टोला दिला, पण एकच टोला तो, आणि आमच्याकडे घंटा दिवसभर कशा ना कशासाठी वाजतच असतात.

चौकात सगळे जमले. योरून आजी नाहीत. साल्वूमामाने भोंगा वाजवला. बसमधले लोक आधी हसले, मग घामाघूम झाले. बाकावर कोला बसला होता. कोला म्हणजे तो बाक, तो बाक म्हणजे कोला. एकमेकांशिवाय त्यांना कुणी पाहिलेलं नाही.

"काय गं मार्थीस," तो म्हणाला, "पहिल्याच आठवड्यात पाहुणी विकलीस?"

"कोलाकाका, चेष्टा नको. उंच आजी, निळी टोपी. पाहिलीत का?"

"खालच्या वाटेने गेली. बरीच शांत बाई होती. वाटेत कुणी भेटलं नसेल तर अजूनही शांत असेल."

मार्थीस धावत सुटली. मला वरून दोघीही दिसत होत्या. एक धावतेय, एक अंजिराखाली पाय हलवत बसलीय. ती पोचली, धापा टाकत म्हणाली, "आजी, तुम्ही इथे काय करताय, सगळे थांबलेत."

आजी म्हणाल्या, "एवढं पळतेस कशाला पोरी? अजून खूप वेळ आहे." आणि त्यांनी माझ्याकडे बोट केलं.

मार्थीसने वळून पाहिलं. शाळेचे दिवस संपल्यापासून तिने माझ्याकडे पाहिलं ते तेव्हा. तिचा चेहरा मी कधी विसरणार नाही. आधी रंग उतरला, मग ती आजींशेजारी बांधावर बसली आणि म्हणाली, "अगं बाई, ही."

एवढंच. "ही." पण कितीतरी वर्षांत माझ्याबद्दल सैतान किंवा ते वाक्य मध्ये न आणता कुणी बोललेला तो पहिला शब्द होता.

बोट गेली. गुहा राहिल्या. पाहुणे उन्हात बंदरावर ताटकळले आणि नेहमीच्या मोठ्या फेरीबोटीने परतले. बसच्या मालकाकडे तक्रार गेली. मालकाने चौकशी केली तेव्हा साल्वूमामाने भाचीला वाचवायला सगळं खापर माझ्यावर फोडलं. गावात एक खोटं घड्याळ आहे, त्याने पाहुणीला फसवलं, पोरीने काय करावं? मालकाला पटलं. त्याने निरोप धाडला, ते खोटं घड्याळ काढा, नाहीतर माझी बस तुमच्या चौकात थांबणार नाही.

झालं. जिने आयुष्यात एक काटा हलवला नाही तिच्यावर फसवणुकीचा आळ. मी इतकी वैतागले की माझ्या नऊचा एक पापुद्रा निघाला.

रविवारी संध्याकाळी बैठक ठरली. बँडच्या क्लबात उकडत होतं म्हणून लोकांनी खुर्च्या बाहेर चौकात आणल्या, बरोबर माझ्याखाली. स्वतःच्या तेराव्याला हजर राहता येत नाही, पण स्वतःला काढून टाकण्याच्या बैठकीला मात्र मी पहिल्या रांगेत होते.

चेन्सा म्हणाली, "मला घड्याळाशी वैर नाही. पण बस थांबली नाही तर माझी पास्तिझ्झी कोण खाणार, कबुतरं? काढा तिला आणि बॅटरीवरचं लावा. दोन्हीकडे खरी वेळ, कटकट मिटली."

दून अलवीज म्हणजे आमचे आताचे पाद्रीबाबा. त्यांना कुणालाच नाही म्हणवत नाही. ते म्हणाले, "काढायलाच हवं असं नाही. खाली एक पाटी लावू. हे घड्याळ खोटं आहे. चार भाषांत."

पाटी. चार भाषांत. गावच्या चौकात, उत्सवाच्या तोंडावर. त्यापेक्षा खाली पडून फुटले असते तर बरं, असं मला वाटलं.

तेवढ्यात मार्थीस उठली. साल्वूमामाने तिची बाही ओढली. "खाली बस. तुझं निभावलंय ना, गप्प बस."

"नाही मामा. निभावलं नाही, ढकललंय." ती माझ्याकडे बघत बोलू लागली. "चूक हिची नाही. मनोऱ्यावर बघा असं मी सांगितलं. कुठल्या, ते नाही सांगितलं. मला ही आठवलीच नाही. मी या चौकात लहानाची मोठी झाले, हिच्या जिवावर शाळेत थापा मारल्या, आणि आठवली नाही. मी उद्या मालकाला हेच सांगणार आहे."

"नोकरी जाईल," मामा म्हणाला.

"गेली तर गेली. पण हिला माझ्यामुळे काढू नका."

चेन्साने पदरासारखा एप्रन तोंडाला लावला, पण मत बदललं नाही. "पोरगी गुणाची आहे," ती म्हणाली, "पण बस ती बस. पाटी तरी लावाच."

आणि मग कोला खाकरला. बाकावरून न उठता, कारण बाकाला सोडून तो उठत नाही.

"पाद्रीबाबा, एक शंका. पाटीवर लिहिणार की हे घड्याळ खोटं आहे."

"हो."

"चार भाषांत."

"हो कोला."

"मग सैतानाला वाचता येत नाही का?"

दून अलवीज हसायला लागले आणि मध्येच थांबले.

"म्हणजे मी मानतो असं नाही," कोला पुढे म्हणाला. "पण आपल्या बापजाद्यांनी त्याला एवढी वर्षं घोळात ठेवलाय. आता आपण पाटी लावून त्याला सांगायचं, बाबा रे, उजवीकडचं बघ? आणि चेन्सा म्हणते तसं दोन्हीकडे खरं लावलं तर मग सोयच झाली त्याची. माझं वय बघता मी तरी सही करणार नाही."

"कोला, या सगळ्या जुन्या समजुती आहेत," पाद्रीबाबा म्हणाले.

"तर तर. मग तुम्ही लावा पाटी. तुमच्या हाताने."

मित्रांनो, दून अलवीजांनी आकाशाकडे पाहिलं, चर्चकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. सैतानावर त्या चौकात कुणाचाच विश्वास नव्हता. पण शिडीवर चढून ती पाटी ठोकायला एकही माणूस पुढे आला नाही. चेन्साने सगळ्यांत आधी खुर्ची उचलली. "मला काय, राहू दे तिला," ती म्हणाली. "आमच्याकडे आजेसासूबाई आहेत, उगाच कशाला."

ज्या गोष्टीने माझं आयुष्य नासवलं असं मी वर्षानुवर्षं कुरकुरत होते, त्याच गोष्टीने मला वाचवलं. त्या लंगड्या, जावई, खडक झालेल्या सैतानाचे आभार मानायची वेळ माझ्यावर आली. याहून वैतागाची गोष्ट कुठली असेल?

"मालकाला काय सांगू?" साल्वूमामाने विचारलं.

"सांग," कोला म्हणाला, "की वरून परवानगी मिळाली नाही. आणि खालूनही."

मार्थीसने मालकाला खरं ते सांगितलं. तो खूप बोलला. पण त्या रस्त्यावर स्वच्छ संडास असलेलं दुसरं गाव नाही, आणि ऐन मोसमात दुसरी वाटाडीही त्याला मिळेना. बस थांबत राहिली. मार्थीसही राहिली. तिने गावाकडे एकच मागणं केलं, हिला एकदा खाली उतरवा.

जूनमध्ये मला दोरांनी खाली आणलं. इन्द्री गेल्यापासून पहिल्यांदा माणसांचे हात लागले. मला चर्चच्या त्याच फरशीवर ठेवलं. मार्थीसने ओल्या फडक्याने कबुतरांचा सगळा इतिहास पुसला. होडी रंगवून उरलेला रंग साल्वूमामाने आणला. पांढरा झाला, आकडे झाले, सात परत आला. मग मार्थीस ब्रश घेऊन थांबली. "मामा, पावणेबारा नको. बस त्याच वेळी येते, पुन्हा कुणी फसेल. किती वाजवू?"

तोच प्रश्न. या वेळी मात्र कुणी घाईत नव्हतं. दारातून कोला म्हणाला, "अडीच वाजव. उन्हाळ्यात अडीचला गावात कुत्रंसुद्धा जागं नसतं. बघायला असेल कोण?" तो खरोखर बाक सोडून आला होता. नंतर पुष्कळ दिवस गावात माझ्यापेक्षा त्याचीच चर्चा झाली.

मार्थीसने जीभ दातांत धरून लहान काटा दोन आणि तीनच्या मध्ये आणि मोठा काटा सहावर काढला. मित्रांनो, माझे काटे हलले. उजवीकडच्या शहाण्याचे काटे रोज हलतात, त्याला त्याचं काय कळणार.

आता बस आली की मार्थीस सगळ्यांना आधी माझ्यासमोर उभं करते. "हिच्याकडे नीट बघा," ती म्हणते. "हिचं ऐकायचं नाही, पण हिला बघितल्याशिवाय पुढे जायचं नाही." मग ती सैतानाची गोष्ट सांगते, आणि शेवटी पैसे संपले होते हेही सांगते. लोक दोन्हींवर हसतात. मग एक गृहस्थ माझ्याकडे बोट करून ते वाक्य म्हणतो. मी डोळे मिटून घेतले असते, पण इन्द्रीने ते फक्त होड्यांना काढले.

तुमच्याही गावात, घरात, शाळेच्या भिंतीवर माझ्यासारखं काहीतरी असेल. रोज समोर असलेलं, म्हणून कुणालाच न दिसणारं. त्याला फार काही लागत नाही. वर्षातून एकदा ओलं फडकं, हाताला लागेल तो रंग, आणि कबुतरं हाकलणारं कुणीतरी. एवढं करा. आणि त्याने तुम्हाला चुकीची वेळ सांगितली तर त्याच्यावर ओरडण्याआधी, तुम्ही त्याच्याकडे शेवटचं कधी पाहिलं होतं ते आठवा.

बाकी माझं ठीक चाललंय. पावणेबारापासून अडीचपर्यंत यायला मला सगळं आयुष्य लागलं. तीन वाजायची मला घाई नाही.